हात लावला की थांबणारा आवाज

लग्न होऊन मी सटाण्याहून नाशिकला आले, तेव्हा सातपूरच्या घरात आम्ही तिघंच होतो. नवरा, मी आणि सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे घरी असला तरी बहुतेक वेळ झोपलेला असायचा. जागी माणसं दोन, मी आणि सासरे, आणि आमच्या दोघांत बोलणं असं नव्हतंच.

भांडण नव्हतं. सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलं होतं, आणि इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले असं घरात सगळे धरून चालले होते. तेही तसंच धरून चालले होते. नवरा त्यांच्याशी ओरडून बोलायचा, शेजारी ओरडून बोलायचे. मला ते जमेना. नव्या सुनेने सासऱ्यांवर आवाज चढवायचा कसा? पहिल्या दिवशी चहा देताना मी "बाबा, चहा" म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, हसले, आणि पुढे कितीतरी महिने आमचं तेवढंच चाललं. कप, ताट, गोळी, हसू.

मला गिरणाऱ्याच्या पुढच्या एका गावात, दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी लागली. एसटीची वेळ आणि दवाखान्याची वेळ काही जुळायची नाही. म्हणून नवऱ्याने कुठूनतरी एक जुनी मोपेड आणली. फिकट निळी, पुढे जाळीची टोपली, आणि सायकलसारखी पायडल मारून सुरू करायची. नव्वदीच्या मधली ती वर्षं. गंगापूर रोडवर तेव्हा एवढी घरं नव्हती. गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागायचे, मग डाव्या हाताला झाडांमधून धरणाचं पाणी दिसायचं, दिसायचं नाही, पुन्हा दिसायचं. थंडीत पाण्यावरून धुकं उठून रस्त्यावर यायचं आणि मी त्यात शिरायचे. गाडी पळायचीच इतकी हळू की एखादं झाड समोरून येऊन, बाजूला होऊन, मागे जाईपर्यंत त्याच्याशी ओळख व्हायची. पायाखाली इंजिनाची एकसुरी घरघर. कित्येकदा मला वाटायचं की मी जागी नाही, कोणीतरी मला झोपेतच अलगद पुढे नेतंय.

अशाच एका सकाळी त्या घरघरीत दुसरं काहीतरी मिसळलं. खळ्, खळ्, मध्ये थांबून पुन्हा खळ्. मी नवऱ्याला सांगितलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "जुनी गाडी आहे, वाजायचीच. चालते ना?"

चालत होती. पण त्या आवाजाने माझी रस्त्यातली गुंगी मोडली. संध्याकाळी घरी आल्यावर मी अंगणात गाडी स्टँडवर लावून, ती चालू ठेवून, खाली वाकून कान देत बसले होते. सासरे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणतेय गाडी?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर दिलं, पण ते त्यांना पोचलं नाही. ओरडायला तोंड उघडलं तर शेजारच्या खिडकीत कोणी उभं होतं. मग काय सुचलं कोण जाणे, पण बाजूला त्यांचं लाकडी स्टूल होतं, त्यावर मी बोटाने वाजवून दाखवलं. त्यांनी खाली बसून स्टुलाच्या दुसऱ्या टोकावर तळहात ठेवला. मी पुन्हा वाजवलं. खळ्, खळ्, थांबून खळ्.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. झोपलेल्या घरात कोणीतरी दिवा लावावा तसं.

"वेग वाढवला की घाई करतो? की तसाच?"

मी बोटांची घाई करून दाखवली.

"खड्ड्यात जास्त?"

मी मान हलवली. त्यांनी गाडी बंद करायला सांगितली, साखळीवरचा पत्रा काढला, साखळी बोटाने उचलून बघितली. ती सैल होऊन पत्र्यावर आपटत होती. दोन पाने, एक फडकं, थोडं तेल, आणि आवाज गेला. ते हात पुसत म्हणाले, "पोरी, बरोबर वाजवलंस तू."

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी घरी यायची वेळ झाली की ते स्टूल घेऊन अंगणात बसलेले असायचे. मी गाडी लावायचे आणि त्या दिवशी रस्त्यात काय ऐकलं ते त्यांना सांगायचे. नुसतं बोटांनी पुरत नव्हतं, म्हणून हळूहळू त्यांच्या डाव्या कानाशी येऊन शब्दही सांगू लागले. तिकडून थोडंसं पोचायचं. आवाज सांगायला किती शब्द असतात हे मला तेव्हा कळलं. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी. करकर कोरडी असते, कुरकुर ओली. टकटक आणि टिकटिक यांत सुद्धा त्यांना फरक हवा असायचा.

"ठकठक? जड आहे की हलका?"

"हलका. चढावर येतो. मुठीत भाजलेले दाणे हलवावेत तसा."

"मग आत काजळी धरलीये. रविवारी डोकं उघडू."

आणि रविवारी इंजिनाचं डोकं उघडलं की खरंच आत काळा कडक थर असायचा. तो आम्ही खरवडायचो. एकदा सायलेन्सरच्या सांध्यातून फुसफुस येत होती, तेव्हा मी कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा आवाज तोंडाने करून दाखवला. त्यांना तो ऐकू आला नसणारच, पण माझे फुगलेले गाल बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. एकदा मी विचार न करता आमच्या अहिराणीत म्हणून गेले, "गाडी रडस." त्यांनी ओठांवरून ते वाचलं आणि विचारलं, "रडस म्हणजे? रडतेय? हुंदके देत का सलग?" मी म्हटलं, हुंदके देत. त्यांनी पेट्रोलच्या नळीतला कचरा काढला.

दवाखान्याच्या खिडकीत बसलं की डोंगराकडून आलेली माणसं मला आपापलं दुखणं सांगायची. कोणाचं डोकं ठणकायचं, कोणाची जखम ठसठसायची, कोणाच्या पोटात गुरगुरायचं. मी गोळ्या मोजून पुडीत बांधायचे आणि मनात यायचं, सासरे इथे असते तर त्यांनी विचारलं असतं, चढावर जास्त की उतारावर?

पुढच्या थंडीत तो आवाज आला.

तो बाकीच्यांसारखा नव्हता. धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे रस्ता सपाट आहे. तिथे गाडी एका ठरावीक वेगाला आली की घरघरीच्या वर कुठेतरी एक बारीक सूर उमटायचा. काशाच्या वाटीच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं तर वाटी जशी गाते, तसा. वेग थोडा वाढवला की नाहीसा. कमी केला की नाहीसा. मधल्या त्या एवढ्याशा जागेत मात्र तो सलग टिकायचा, आणि धुकं असलं तर वाटायचं की गाडीतून नाही, पाण्यावरूनच येतोय. मी मूठ तशीच धरून ठेवायचे. दवाखाना, औषधं, घर, सगळं लांब कुठेतरी राहायचं. मला तो आवाज आवडला होता. म्हणून मी तो सासऱ्यांना सांगितलाच नाही. सांगितला असता तर त्यांनी तो दुरुस्त केला असता.

पण रोज संध्याकाळी ते विचारायचे, "आज काही?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे, तेव्हा स्टुलावरचा त्यांचा रिकामा हात मला बघवेना. एक दिवस मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं.

"बाबा, गाडी गाते."

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग स्वयंपाकघरातून वाटी आणून दाखवायला लावलं. मी ओलं बोट फिरवलं. त्यांनी वाटीला बोट टेकवून बघितलं आणि विचारात पडले. असा आवाज शेडमध्ये कधी ऐकला नाही म्हणाले. रात्री जेवतानाही त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं त्या रस्त्यावर गेलो. मी पुढे, ते मागे, हत्यारांची पिशवी टोपलीत. थंडीचं कोवळं ऊन होतं. मांडवांखाली बायका द्राक्षांचे घड विरळ करत होत्या. सपाट रस्ता आला, मी मूठ नेमकी धरली, आणि सूर उमटला. मी हात मागे करून त्यांच्या गुडघ्याशी हवेतच बोट गोल फिरवलं. ते माझ्या पाठीमागे कान देऊन बसले होते. मला वाटतं ते श्वासही घेत नव्हते. थोडं पुढे गेल्यावर मला त्यांचा सुस्कारा ऐकू आला.

एका चिंचेखाली गाडी स्टँडवर लावली. त्यांनी मला मूठ त्याच जागी धरायला सांगितली. सूर आला. मग त्यांनी पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. शेडमधली जुनी सवय. तिथे सगळे असंच करायचे, म्हणजे बाकीच्या गोंगाटात एकाच इंजिनाच्या आतलं कळतं.

त्यांनी डोळे मिटले. आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"बाबा?" मी त्यांच्या खांद्यापाशी हात नेला.

"वाजतंय," ते म्हणाले. "आत सगळं वाजतंय. पिस्टन वर जातो, खाली येतो. अगं, स्वच्छ येतंय."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इकडून तिकडे फिरवलं. इथे साखळीचं चाक, इथे बेअरिंग, ते एकेक सांगत होते, गर्दीत जुनी माणसं भेटावीत तसे. "पण गाणं नाही यात," ते म्हणाले. "कुठंय तुझं गाणं?"

मी कान दिला. खरंच नव्हतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि सूर परत आला. मी हाताने खूण केली, आला. त्यांनी पुन्हा टेकवला. गेला. उचलला. आला.

असं किती वेळा झालं कोण जाणे. मग ते मांडी घालून तिथेच मातीत बसले आणि इंजिनाकडे बघत राहिले. इंजिन थंड राहावं म्हणून त्याच्या अंगावर ओळीने पातळ पात्या असतात. त्यांनी त्यांतल्या एका पातीवर स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, गेला.

"बिघाड नाही हा," ते म्हणाले. "या पात्यांच्या मध्ये रबराचे तुकडे असतात. ते पडलेत. म्हणून पात्या थरथरतात, आणि त्या थरथरतात तेच तू ऐकतेस. धातूला हात लावला की तो गप्प होतो." मग ते म्हणाले, "म्हणजे मी ऐकायला गेलो की तो थांबणार. मला नाही ऐकू यायचा तो."

हे त्यांनी दुःखाने म्हटलं नाही. एखाद्या यंत्राबद्दल सांगावं तसंच सांगितलं. घरी आल्यावर जुन्या स्लिपरच्या टाचेचे तुकडे कापून त्यांनी पात्यांमध्ये दाबून बसवले. सोमवारी मी पाण्याजवळून गेले तेव्हा गाडी नुसती घरघरत होती.

मला मात्र त्या दिवशी दुसरीच एक गोष्ट सोडत नव्हती. माझं बोलणं ज्यांना पोचत नाही, त्यांना स्क्रू ड्रायव्हरमधून पिस्टन कसा ऐकू आला? दवाखान्यातले डॉक्टर दुपारी मोकळे असताना मी त्यांना विचारलं. ते खुर्चीत सरळ बसले.

"स्वच्छ ऐकू आलं म्हणाले?"

"हो. स्वच्छ."

"मग त्यांना कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आवाज हाडातून पोचतोय, म्हणजे आतली नस चांगली असणार. अडलंय ते आधीच कुठेतरी."

सासरे तयार होईनात. "इंजिनाने खाल्लेले कान डॉक्टर काय परत देणार?" ते म्हणाले. "आणि आता ऐकायचं राहिलंय तरी काय? बातम्या?" नवऱ्याने ओरडून समजावलं, तर ते उठून आतल्या खोलीत गेले. मी चार दिवस जाऊ दिले. मग संध्याकाळी अंगणात त्यांच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "ते रबर काढता येतं, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. "केव्हा जायचं?" त्यांनी विचारलं.

कानाच्या डॉक्टर एक वयस्क बाई होत्या. त्यांच्याकडे पोलादाचा दोन बोटांसारखा चिमटा होता. तो त्यांनी कोपरावर आपटून सासऱ्यांच्या कानासमोर धरला. सासऱ्यांनी मान हलवली, नाही. मग त्याच चिमट्याचा दांडा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला आणि सासरे लगेच म्हणाले, "हां, आला." बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं, की कानात अगदी इवलंसं हाड असतं, ते हलायला हवं, यांचं आखडून बसलंय. इंजिनांनी थोडं नुकसान केलंय, पण सगळं इंजिनांच्या माथी मारू नका. एका कानाचं ऑपरेशन करून बघू.

ऑपरेशननंतर काही दिवस त्यांना चक्कर यायची. भिंतीला धरून चालायचे, आणि मला धास्ती की मी हे काय करून बसले. पट्टी काढल्यावर घरी आलो तेव्हा मी स्वयंपाकघरात डाव धुऊन ओट्यावर ठेवला, आणि बाहेरच्या खोलीत ते दचकले. पंखा लावला तर वर बघत बसले. मी पाणी घेऊन गेले आणि सवयीने त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाबा, पाणी."

ते जरा मागे सरले. "एवढ्या जवळून नको," म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "असा आहे होय तुझा आवाज? जाडसर आहे. मला वाटायचं बारीक असेल. घरात इतकी पाय न वाजवता चालतेस ना."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. आणि खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस आम्ही पुन्हा गप्पच झालो. आता नुसतं बोललं तरी पुरत होतं, आणि नुसतं बोलायची आम्हाला सवय नव्हती. संध्याकाळी स्टूल बाहेर यायचं, मी येऊन बसायचे, आणि दोघंही रस्त्याकडे बघत राहायचो. गाडीही नेमकी त्या महिन्यात गुणी बाळासारखी चालत होती.

मग एका रविवारी सकाळी मी उठून बाहेर आले तर ते गाडीशेजारी बसले होते आणि पात्यांतून स्लिपरचे तुकडे एकेक ओढून काढत होते.

धुकं नव्हतं, पण पाण्यावर पांढुरकं ऊन होतं. सपाट रस्ता आला. मी मूठ नेमकी धरली. सूर उमटला, आणि मी खूण केली नाही. ते मागे बसले होते, त्यांचे हात माझ्या सीटच्या कडेला होते. पाणी झाडांमधून दिसत होतं, दिसत नव्हतं. तो रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या सकाळी तो मला फार लांब वाटला, आणि संपू नये असंही वाटलं. सूर संपल्यावर ते म्हणाले, "हे आपण दुरुस्त का केलं?"

"तुम्हीच केलंत," मी म्हटलं.

"मला काय माहीत होतं?"

रबराचे तुकडे त्यांनी पुन्हा बसवले नाहीत. ती मोपेड पुढे खूप वर्षं, मोबाईल फोन सगळ्यांच्या हातात येईपर्यंत आमच्याकडे होती. शेवटी तिचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या शिपायाने ती पेठकडच्या आपल्या गावी नेली. पण तो रविवार माझ्या डोळ्यांपुढे राहिला तो पुढच्या वाटेसाठी.

त्या दिवशी सासरे बोलायला लागले आणि थांबेचनात. इगतपुरीच्या पावसाबद्दल, की तिथे पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावर इतका आवाज असायचा की माणसं हातवाऱ्यांनीच भांडायची. सासूबाईंबद्दल, की त्यांना गाडीच्या शिट्टीवरून कळायचं आज इंजिनावर कोण आहे. घाटात मागून धक्का द्यायला लागणाऱ्या इंजिनांबद्दल. मी "हं" म्हणत होते आणि माझं "हं" त्यांना पोचत होतं. बोलता बोलता दवाखान्याकडे वळणारा फाटा मागे राहिला. मी गाडी चालवतच राहिले. रस्ता कच्चा झाला, मग नुसती पायवाट उरली, आणि एका पाड्याच्या तोंडाशी येऊन थांबलो.

चार-दोन घरं, समोर सारवलेलं अंगण, त्यात वाळत घातलेला भात. मी गाडी बंद केली. एकदम इतकं शांत झालं की मला माझेच कान बंद झाल्यासारखे वाटले. सासरे खाली उतरले, पाय झटकले आणि उभे राहिले. मग त्यांनी मान किंचित वळवली.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी हाताने मला थांबवलं. "त्या घरामागे कोणीतरी बाई कोंबड्यांना बोलावतेय," ते म्हणाले. "हळू आवाजात."

मी कान देऊन बघितलं. मला काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने घराच्या कोपऱ्यावरून एक म्हातारी पदरात दाणे घेऊन आली, जिभेने बारीक टकटक करत, आणि तिच्या मागून कोंबड्या. आम्हाला बघून ती थांबली.

"कुठं जायचं?" तिने विचारलं.

"कुठं नाही," सासरे म्हणाले. "वाट चुकलो."

"मग बसा की," ती म्हणाली, आणि दाणे टाकू लागली.